गल्लीवर नियम चालवून बघा, मग अधिसूचना काढा

प्रति,
मा. संचालक,
नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग,
महाराष्ट्र राज्य, पुणे

स. न. वि. वि.

एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या तोंडची युडीसीपीआर, डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर लागू आहे. तिच्यातला एक तक्ता प्रत्येक वास्तुरचनाकाराला, बिल्डरला आणि पुनर्विकासाला निघालेल्या प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठ आहे. समोरचा रस्ता किती रुंद, त्यावर एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल) किती, हे सांगणारा तक्ता. असे तक्ते मंजूर करण्याआधी काय करता येईल आणि आज काय केले जात नाही, यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

मूळ तक्ता असा आहे. महापालिका हद्दीत, दाट वस्तीबाहेरच्या भागात, रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर एफएसआय १.१० आणि तिथेच पूर्णविराम. रस्ता ९ मीटरचा झाला की त्या १.१० वर प्रीमियमचा (शुल्क भरून मिळणारा) ०.५० आणि टीडीआरचा (दुसऱ्या जमिनीवरचा, विकत घेता येणारा विकास हक्क) ०.४० मिळून २.००. मग १२, १५, २४, ३० मीटर अशा पायऱ्या चढत ३.०० पर्यंत जाता येते. निवासी बांधकामाला त्यावर ६० टक्के ॲन्सिलरी, म्हणजे पूरक, एफएसआय.

आता ५०० चौरस मीटरचा एक साधा भूखंड घेऊ. रस्ता ८.९ मीटर असेल तर ॲन्सिलरीसह ८८० चौरस मीटर बांधकाम होते. तोच रस्ता ९ मीटर मोजला गेला की १,६००. दहा सेंटिमीटरने बांधकाम जवळजवळ दुप्पट होते. गल्लीत असे ४० भूखंड आहेत आणि एका घरामागे ८० चौरस मीटर बांधकाम लागते असे धरले, तर पहिल्या हिशेबात ४४० घरे बसतात, दुसऱ्यात ८००. वाढीव ३६० कुटुंबे, घरटी चार माणसे, माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी: रोजचे १,९४,४०० लिटर. दहा हजार लिटरचे एकोणीस टँकर, रोज, एका गल्लीत. जलवाहिनीचा व्यास मात्र तोच. मैलावाहिनीचाही तोच.

हे गणित शाळकरी मुलाला जमेल. पण तक्ता मंजूर होण्यापूर्वी ते एखाद्या खऱ्या प्रभागासाठी करून कुणी लोकांपुढे मांडले का? हरकती-सूचनांसाठी मसुदा आला तेव्हा त्यात नियम होते, तक्ते होते, परिशिष्टे होती. या नियमांनी कोथरूडची एखादी कॉलनी, नाशिकचे एखादे नगर किंवा कोल्हापूरची एखादी पेठ पंधरा वर्षांनी कशी दिसेल, हे त्यात कुठेच नव्हते. लोकांनी मग हरकत कशावर घ्यायची? दशांश चिन्हावर?

पायरीवजा नियमाचा दुसरा परिणाम पुण्याने युडीसीपीआर येण्याआधीच पाहिला आहे. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर नाही, ही अट तेव्हाही होती. २०२० मध्ये शहरातले ६ मीटरचे ३२३ रस्ते महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली ९ मीटर करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे आला. तिथल्या वाहतुकीची मोजणी करून कुणी तो आकडा काढला नव्हता. ९ हा उंबरठा होता, म्हणून रस्ते ९ चे करायचे. नियमातली संख्या एकदा पैशाशी जोडली की शहर त्या संख्येकडे सरकू लागते. कुंपणाच्या भिंती मागे जातात, झाडे जातात, आणि पुढच्या-मागच्या गल्ल्या ६ मीटरच्याच राहिल्याने मधला रुंद तुकडा कुठेच पोहोचत नाही.

इथे मला पॅरामेट्रिक डिझाइनबद्दल बोलायचे आहे. हे नाव ऐकून आपल्या कार्यालयात कुणाच्या डोळ्यांसमोर वास्तुरचनाकार झाहा हदीद यांच्या वळणदार इमारती आल्या, तर त्यात त्यांची चूक नाही. हदीद यांचे भागीदार पॅट्रिक शूमाकर यांनी २००८ मध्ये पॅरामेट्रिसिझम नावाची शैलीच जाहीर केली, आणि तेव्हापासून आमच्या महाविद्यालयांत विद्यार्थी शेवटच्या वर्षाला लाटा, जाळ्या आणि मधमाश्यांची पोळी काढत आहेत. हदीद यांच्याच कार्यालयाने २००६ मध्ये इस्तंबूलच्या कार्ताल-पेंदिक भागासाठी ५५५ हेक्टरचा आराखडा स्पर्धेत जिंकला होता. दोन्ही बाजूंच्या वस्त्यांचे रस्ते ओढून विणलेले जाळे आणि त्यातून फुगत जाणाऱ्या उंच्या. चित्र देखणे होते, पण जमिनीवर ते तसे उतरले नाही. खाली शेकडो मालकांच्या जमिनी होत्या, आणि मालकी हा घटक त्या लाटेत धरलेला नव्हता. मला त्या लाटा नकोत. लाटांमागचे अवजार हवे आहे.

अवजार साधे आहे. इमारत काढायची नाही, इमारतीमागची नाती लिहायची. उंची इतकी वाढली तर शेजारचे अंतर इतके वाढावे. रस्ता इतका असेल तर घरे इतकी. घरे इतकी तर पाणी, सांडपाणी, शाळा, सावली इतकी. संख्या मोकळ्या ठेवायच्या. एक संख्या हलवली की सगळी गल्ली पडद्यावर नव्याने उभी राहते. लुइजी मोरेत्ती या इटालियन वास्तुरचनाकाराने १९४० च्या दशकात हा विचार मांडला आणि १९६० मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्रेक्षकांच्या नजरेच्या रेषांवरून स्टेडियमचे आकार काढून दाखवले. आज तेच काम रायनो या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या ग्रासहॉपरमध्ये विद्यार्थी दुपारभरात करतात. नकाशांसाठी क्यूजीआयएस फुकट मिळते.

थोडक्यात, युडीसीपीआर ही स्वतःच एक पॅरामेट्रिक रचना आहे. रस्त्याची रुंदी, भूखंडाचे क्षेत्र, उंची, सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) ही तिची चले, आणि तक्ते ही त्यांची नाती. तुमच्या विभागाने राज्यातला सगळ्यात मोठा पॅरामेट्रिक प्रकल्प लिहिला आहे आणि तो एकदाही चालवून पाहिलेला नाही. बांधकाम परवानगीचे नकाशे संगणकावर तपासण्याची पद्धत आपल्याकडे बरीच वर्षे आहे, हे मला ठाऊक आहे. पण ती एका भूखंडावरच्या एका इमारतीला पास की नापास एवढेच सांगते. चाळीस पास झालेल्या इमारतींची मिळून गल्ली नापास झाली, तर ते सांगणारे कुणी नाही.

आकड्यामागे कारण असले की नियम कसा वेगळा दिसतो, यासाठी मुंबईतलेच उदाहरण आहे. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनी चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांचा पिच्छा पुरवला. त्यांचा नियम होता ६३.५ अंशांचा: खोलीच्या तळाशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले तर नजर याहून जास्त वर चढू नये. हा कोन ऑर यांनी शोधलेला नाही, लंडनच्या १८९४ च्या बांधकाम कायद्यात तो आहे. पण मुंबईत त्याला त्यांनी उजेड आणि हवा यांच्या मागणीशी बांधून घेतले. ६३.५ अंश म्हणजे उंची अंतराच्या दुप्पट. दोन इमारतींत १० मीटर जागा असेल तर २० मीटर चढा, त्यापुढे जायचे तर मागे सरका. एक कोन, आणि तो का आहे हे चाळीतल्या बाईलाही कळेल. तळमजल्यावर दिवसा दिवा लावावा लागू नये म्हणून.

आजचे सामासिक अंतर उंचीच्या पाचव्या भागाचे आहे. शेजारच्या दोन भूखंडांवर ६० मीटरच्या दोन इमारती उभ्या राहिल्या तर प्रत्येकीने १२ मीटर सोडायचे, मध्ये २४ मीटर उरतात. ऑर यांनी ३० मागितले असते. कोन ६८ अंशांवर जातो. हे भयंकर आहे असे मी म्हणत नाही, जमिनीच्या किमती पाहता कदाचित हाच व्यवहार्य तोडगा असेल. पण पाचवा भागच का, चौथा का नाही, सहावा का नाही, याचे उत्तर नियमावलीत नाही. संख्येमागचे कारण पुसले गेले की ती संख्या कुणालाही सैल करता येते. पुनर्वसनाच्या इमारतींत ती तशी सैल केली गेली. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींत तीन मीटर अंतर आहे. सात मजले केवळ २१ मीटर धरले तरी कोन जवळपास ८२ अंश होतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने या भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला, तेव्हा क्षयरोग आणि ऊन-वारा न पोहोचणारी घरे यांचा संबंध समोर आला. प्लेगनंतर शंभर वर्षांनी त्याच शहरात आपण उजेडाचा हिशेब सोडून दिला, आणि तोही गरिबांच्या घरांपुरता. तो हिशेब करायला ग्रासहॉपरमध्ये आज काही मिनिटे लागतात. इमारती बांधण्याआधी कोणत्या मजल्यावर किती तास ऊन येईल, हे रंगांत दिसते.

मेट्रोचेही असेच. पुण्यात स्थानकापासून ५०० मीटरच्या परिघात एफएसआय ४ पर्यंत जाऊ शकतो. डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानके मुठेच्या काठावर आहेत. तिथून कंपास फिरवला तर वर्तुळ नदी ओलांडून पेठांत शिरते. माणूस मात्र कंपासने चालत नाही, त्याला पूल शोधावा लागतो. रस्त्यांच्या जाळ्यावरून खरे चालण्याचे अंतर काढणे हे क्यूजीआयएसमधले अगदी प्राथमिक काम आहे, आणि तसे केले तर वर्तुळाच्या जागी एक वेडावाकडा आकार मिळतो. त्याच्या कडा कुठे येतात यावर कोट्यवधींचे हिशेब फिरतील. कदाचित म्हणूनच वर्तुळ सोयीचे वाटत असावे.

या अवजाराची खरी गरज मला नगररचना योजनेत, टीपी स्कीममध्ये दिसते. प्रभात रस्ता किंवा एरंडवण्यातल्या जुन्या पत्त्यांत अजून ‘फायनल प्लॉट’ असा उल्लेख असतो. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने आलेली ही पद्धत: शेतांचे वेडेवाकडे मूळखंड एकत्र करायचे, रस्ते, मैदाने, शाळा यांची जागा काढायची, आणि उरलेल्या जमिनीचे सुबक अंतिम भूखंड करून प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात परत द्यायचे. भूसंपादनाच्या मानाने ही पद्धत न्यायाची आहे, आणि आता पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) म्हाळुंगे-माण इथे, सिडकोने नैनात (नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात) पुन्हा ती हाती घेतली आहे याचा आनंदच आहे.

पण टीपी स्कीममध्ये सगळे सगळ्याला बांधलेले असते. आराखड्यातला एक रस्ता दहा मीटर पूर्वेला सरकवला तर एकाचा कोपऱ्याचा भूखंड आत जातो, दुसऱ्याची विहीर रस्त्यात येते, तिसऱ्याला गावाकडच्या बाजूला जागा मिळते आणि त्याला ती नको असते. आज हा बदल हाताने, ऑटोकॅडवर, भूखंड एकेक करून केला जातो. त्यामुळे सुनावणीत शेतकरी म्हणतो, “साहेब, रस्ता जरा तिकडनं न्या,” तेव्हा त्याला उत्तर मिळते, “नेता येत नाही.” का येत नाही, हे दाखवायला कुणाकडे काही नसते. तो घरी जातो ते आपल्याला फसवले असे समजूनच. पॅरामेट्रिक मांडणीत रस्ता त्याच्यासमोर सरकवता येईल. कुणाचे किती कमी झाले, कुणाचे किती वाढले, मैदान किती आक्रसले, सगळ्यांचे आकडे एकदम बदलताना दिसतील. कधी त्याची मागणी खरोखर अशक्य निघेल, आणि तेही त्याला डोळ्यांनी कळेल. कधी ती सहज शक्य निघेल, आणि ते लवादाला कळेल. माझ्या मते या एका कारणासाठीही खर्च वसूल आहे.

आता आक्षेप. पहिला मीच घेतो, कारण तो मोठा आहे: आपले नकाशे. सातबाऱ्यावरचे क्षेत्र एक, गट नकाशावरचे दुसरे, मोजणीत तिसरे आणि वहिवाटीत चौथे. असा कच्चा माल आत घातला तर संगणक चुकीचे उत्तर फार सुंदर रंगांत देईल, आणि रंगीत चुकीवर लोक जास्त विश्वास ठेवतात. ओढ्यांचे तर विचारूच नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा चढला आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. तो ओढा नकाशात निळी रेघ होता. किती पावसाला तो किती पसरतो, हे त्या रेघेला माहीत नव्हते. म्हणून मॉडेल तयार करण्याच्या निमित्ताने आधी मोजणी, पातळ्या आणि नाले नीट करावे लागतील. हे काम तसेही करायचे राहिलेलेच आहे.

दुसरा आक्षेप असा येतो की यंत्राला शहर कळत नाही. बरोबर आहे. टोरांटोच्या किनाऱ्यावर गूगलच्या भावंड कंपनीने, साइडवॉक लॅब्जने, २०१७ मध्ये आकडेवारीवर चालणारे नवे शहर उभारण्याचा घाट घातला आणि मे २०२० मध्ये गाशा गुंडाळला. लोकांचा मुख्य प्रश्न होता की हे आकडे कुणाच्या मालकीचे आणि निर्णय कुणाचा. आपल्याकडेही तो विचारला गेलाच पाहिजे. ऊन जास्त मोलाचे की घरांची संख्या, पार्किंग महत्त्वाचे की झाड, हे कुठलेही सॉफ्टवेअर ठरवत नाही. कुणीतरी माणूस बसून त्या चलांना वजन देतो. आज ते वजन मंत्रालयातल्या एखाद्या बैठकीत दिले जाते आणि ते दिले गेले हेच आपल्याला कळत नाही. मॉडेल उघडे असेल तर निदान ते वजन आकड्यात लिहिलेले सापडेल, आणि त्यावर भांडता येईल. बंद असेल तर मात्र हे अवजार आजच्यापेक्षा वाईट. सल्लागार कंपनी पडद्यावर शहर फिरवून दाखवील, नगरसेवक टाळ्या वाजवतील, आणि आतले सूत्र कुणी पाहणार नाही. मॉडेलची फाइल खासगी सल्लागाराकडे राहणार असेल, तर ही मागणी मी आजच मागे घेतो.

म्हणून माझे मागणे मर्यादित आहे. महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली नियमात फेरबदल सुचवला की महिनाभर हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या नोटिशीसोबत नवा नियम किमान तीन खऱ्या वस्त्यांवर चालवून दाखवावा: एक जुनी दाट पेठ, एक बंगल्यांची कॉलनी, एक नव्याने हद्दीत आलेले गाव. पंधरा-वीस वर्षांनी सगळ्या नाही, पण निम्म्या भूखंडांनी नियमाचा लाभ घेतला तर घरे किती, पाणी किती, तळमजल्यावर ऊन किती, आणि अग्निशमनाची गाडी शेवटच्या इमारतीपर्यंत वळते का, हे आकड्यांत आणि चित्रांत द्यावे. मॉडेलची फाइल आणि त्यातले गृहीतक संकेतस्थळावर ठेवावे, म्हणजे ज्याला पटत नाही त्याला संख्या बदलून स्वतः पाहता येईल.

आणि ९ मीटरची ती पायरी. तिच्या जागी उतार टाकून पाहा. ६ मीटरला १.१०, १२ मीटरला २.२५, आणि मधल्या प्रत्येक सेंटिमीटरला त्याच्या वाट्याचे थोडेसे. दहा सेंटिमीटरसाठी कुंपण पाडण्यात मग कुणाला फारसा रस उरणार नाही, आणि टेप कुठे धरायची यावरून होणारे व्यवहारही बरेच थंडावतील. हा उतार मी माझ्या संगणकावर एका काल्पनिक गल्लीवर चालवून पाहिला आहे. एकूण घरे फारशी कमी होत नाहीत, पण ती एका रस्त्यावर गोळा होण्याऐवजी आसपासच्या रस्त्यांत वाटली जातात. काल्पनिक गल्ली हा काही पुरावा नाही, हे मान्य. खऱ्या गल्लीचे भूखंडनिहाय नकाशे, जलवाहिन्यांचे व्यास आणि मंजूर नकाशांची आकडेवारी तुमच्याकडे आणि महापालिकांकडे आहे, माझ्याकडे नाही.

ती माहिती एका प्रभागापुरती खुली केलीत, तर राज्यातल्या वास्तुरचना आणि नियोजन महाविद्यालयांतले विद्यार्थी एका सत्रात हे काम करून देतील. त्यांना लाटा काढण्यापेक्षा बरे काम मिळेल. प्रभाग कोणता निवडायचा ते तुम्ही ठरवा. फक्त जिथे येत्या वर्षभरात फेरबदलाचा प्रस्ताव येणार आहे, असा निवडा.

कळावे,

आपला,
पुण्यातील एक वास्तुरचनाकार

प्रत माहितीसाठी: मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई